कंदिलाचं काचघर

त्याला अख्खं विद्यापीठ कंदील म्हणायचं. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि तोही ओ द्यायचा. नोकरीला नवीन लागला तेव्हा त्याला एक खोड होती. जाता-येता रिकामा वर्ग दिसला, रिकामा जिना दिसला, की हात आपोआप बटणाकडे जायचा. एकदा त्यानं असाच एक लांबलचक बोळ अंधारा केला आणि पलीकडून पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरून येणारे गणिताचे प्राध्यापक खांबावर आपटले. कपाळ चोळत ते म्हणाले, "अरे बाबा, दिवे मालवायचेत तर मालव, पण स्वतः तरी एक कंदील घेऊन फिर!" प्राध्यापकांचं टेंगूळ आठवड्यात उतरलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

काम माळ्याचं. पण त्याच्या हाताखाली बाग नव्हती, एक काचघर होतं. वनस्पतिशास्त्राच्या इमारतीमागे, जिथे विद्यापीठाची हद्द संपते आणि उघडं पठार सुरू होतं, तिथे लोखंडी फासळ्यांवर काचा बसवलेलं, एखाद्या मोठ्या जनावराच्या सांगाड्यासारखं. शेजारी पत्र्याची खोली, तिच्यात बॉयलर. बॉयलरमधून गरम पाण्याचे पाइप निघून काचघराच्या भिंतींच्या कडेनं फिरायचे आणि गार होऊन परत यायचे. पठारावरची थंडी अशी की सकाळी नळाखाली हात धरला तर पाण्यानं चावावं. पण काचघराचं दार लोटून आत गेलं की चष्म्यावर वाफ धरायची.

आत एक दरी होती. म्हणजे दरीतलं जे काही उचलून आणता आलं होतं ते होतं. पठाराच्या खाली एके काळी एक खोल, उबदार दरी होती. तिच्यावर धरण झालं आणि ती पाण्याखाली गेली. पाणी चढण्याआधी वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक पाट्या, फडकी आणि हा नवा माळी घेऊन खाली उतरले. मातीसकट, मुळांसकट, हाताला येईल ते दोघांनी वर आणलं. प्राध्यापक केव्हाच गेले. दरीच्या जागी आता सपाट पाणी आहे, त्यावर सुट्टीच्या दिवशी लोक होड्या फिरवतात. तिथे जे उगवत होतं ते जगात आता या एका छपराखाली उगवत होतं: नेचे, काही वेली, दगडाला चिकटून राहणारी बारीक पानांची बुटकी झाडं, आणि मधल्या वाफ्यात ती. जाड, मांसल खोडाची, सुपाएवढ्या पानांची. तिच्यापुढच्या पाटीवर लांबलचक शास्त्रीय नाव होतं. कंदील तिला 'थोरली' म्हणायचा. तिला कधी बी धरलं नाही. दरीत तिची फुलं कुठल्या किड्याच्या भरवशावर होती कोण जाणे. तो किडा मातीच्या पाटीत बसून वर आला नव्हता.

कंदिलाची काटकसर कुणी शिकवलेली नव्हती, ती अंगातच होती. तो लहान असताना आई सरपणाची काटकी मोडून अर्धी विस्तवात घालायची आणि अर्धी उद्यासाठी बाजूला ठेवायची. तोच हात त्यानं काचघराला लावला. काचांच्या फटी दर पावसाळ्यानंतर पुट्टीनं बुजवल्या. दाराच्या आत जुन्या घोंगडीचा पडदा लावला. पत्र्याची पिंपं काळी रंगवून, पाण्यानं भरून उन्हात ओळीनं ठेवली, म्हणजे दिवसभर तापतील आणि रात्रभर थोडी थोडी ऊब सोडतील. आणि बॉयलर? झाडं जगतील त्या अगदी खालच्या खुणेवर. त्याच्या वर त्यानं चावी कधी फिरवली नाही. बायको म्हणायची, "तुमच्या झाडांनासुद्धा माझ्यासारखंच सांगत असाल, शाल घ्या म्हणून."

दोन वर्षांमागे प्रत्येक इमारतीला वेगळा मीटर बसला, विजेचा एक आणि गॅसचा एक. तेव्हा पंपवाला, म्हणजे पाण्याचे पंप सांभाळणारा त्याचा जुना दोस्त, बॉयलरच्या खोलीत येऊन बसला आणि विडी पेटवून म्हणाला, "कंदिला, शहाणा असशील तर या वर्षी बॉयलर दणकून चालव."

"का? झाडं उकडायचीत?"

"अरे, मीटर काय शोभेला लावलेत? पुढच्या वर्षी म्हणणार, गेल्या वर्षीपेक्षा कमी करा. मग कमी करायला काही नको का? रसायनवाल्यांनी बघ, खिडक्या सताड उघड्या टाकून हीटर लावलेत."

"मीटर म्हणजे काय सासू आहे, तिच्यापुढे नाटक करायला?" कंदील म्हणाला. "लागतं तेवढं लागतं."

"सासू परवडली," पंपवाला म्हणाला. "ती निदान मरते तरी."

दोघे हसले. ते हसणं कंदिलाला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

कारण झालं तसंच. पुढच्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी फर्मान निघालं. विद्यापीठाचा वीज-गॅसचा खर्च हाताबाहेर गेला आहे, तेव्हा प्रत्येक इमारतीनं गेल्या वर्षीपेक्षा वीस टक्के कमी वापरायचं. निम्मी थंडी सरल्यावर आकडे बघितले जातील. जी इमारत तिथवर पोचणार नाही तिची उष्णता बंद. जिन्याजिन्यात हिरव्या अक्षरांची पत्रकं लागली. लिफ्ट एकाआड एक बंद झाल्या. रसायनशास्त्राच्या इमारतीनं खिडक्या लावून घेतल्या, आणि पहिल्याच महिन्यात तिचा आकडा असा काही खाली आला की सूचनाफलकावर तिचं अभिनंदन झळकलं.

फर्मानाखाली सही ऊर्जा विभागाची होती. ऊर्जा विभागात कंदिलाची मुलगी होती.

ती एकुलती एक. बापाच्या घरात वाढलेली, म्हणजे खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करणं तिला श्वास सोडण्याइतकं सहज. शिकली, इंजिनिअर झाली, बाप होता त्याच विद्यापीठात लागली. कचेरीतले लोक तिला कौतुकानं पणती म्हणायचे. कंदिलाला ते आवडायचं.

तो तिच्या कचेरीत गेला तेव्हा तिनं आधी दार लावलं.

"बाबा, इथं कशाला आलात? घरी बोललो असतो."

"घरी तू माझी मुलगी. इथं मी काचघरातर्फे आलोय."

"बसा तरी."

तो बसला नाही. "वीस टक्के कुठून आणू? उसाचा रस काढून झाला, बाळ. आता चिपाड आहे. ते पिळून काय निघणार?"

"माहीत आहे मला."

"रसायनवाल्यांनी गेल्या वर्षी मुद्दाम जाळलं."

"तेही माहीत आहे." तिनं टेबलावरचं पेन सरळ केलं, मग पुन्हा वाकडं केलं. "मी बैठकीत बोलले, बाबा. म्हटलं, काचघराला वेगळा नियम हवा. तर एक जण म्हणाले, 'चला, घरचं काचघर आलं वाटतं.' सगळे हसले. त्यानंतर मी काय बोलू? मी तोंड उघडलं की ते तुमचं तोंड होतं."

"म्हणजे मी तुझा बाप आहे म्हणून..."

"हो. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर भांडले असते." तिनं पेन खणात टाकलं. "आणि खरं सांगू? सगळ्यांकडे कारणं आहेत. वसतिगृहात पोरी गार पाण्यानं अंघोळ करतायत. दवाखान्याचा एक मजला बंद केलाय. एकाला सूट दिली की दारात रांग लागेल आणि रांगेतला प्रत्येक जण खरं बोलत असेल."

"मग झाडं कुठं नेऊ?"

"चार ठिकाणी विचारलं. एका विद्यापीठानं कळवलंय, बिया पाठवा."

"थोरलीला बी धरत नाही."

"बाबा," ती म्हणाली, "मी त्या वाफ्याशेजारी बसून अभ्यास केलाय."

तो निघाला. दारातून बाहेर पडताना त्याचा हात सवयीनं बटणाकडे गेला आणि त्यानं तिच्या खोलीतला दिवा बंद केला. ती आतच होती.

त्या दिवसापासून कंदील काचघराशी नाही, आकड्याशी झगडायला लागला. त्यानं अर्धं काचघर रिकामं केलं. सगळ्या कुंड्या थोरलीच्या भोवती आणल्या आणि मधोमध जाड प्लास्टिकचा पडदा टांगला, म्हणजे अर्धंच तापवावं लागेल. पडद्याचे तुकडे जोडायला बायको आली. गुडघ्यांवर बसून चिकटपट्टी लावता लावता ती बोलत होती, "लग्नाला इतकी वर्षं झाली, मला एक हीटर घेऊन दिला नाही. आणि सवतीसाठी बघा, घर बांधून देतायत."

"सवत कसली. थोरली आहे ती."

"तेच म्हणते मी. थोरली सवत."

गेलेल्या वर्षांत ती हे पुष्कळदा म्हणाली होती आणि तो हसला होता. या वेळी हसला नाही. तो पडद्याच्या खालच्या कडेवर विटा ठेवत होता, एकही फट राहू नये म्हणून.

फटी बुजवता बुजवता शेवटी छप्पर राहिलं. काचघराच्या माथ्यावर झडपा होत्या, लांब दांड्यानं उघडायच्या. नोकरीला लागल्यापासून तो रोज भर दुपारी त्या थोडा वेळ उघड्या ठेवत आला होता. आतली दमट हवा बाहेर जायची, पानांवरचं पाणी सुकायचं. पण हवेबरोबर ऊबही जायची. एका दुपारी तो दांडा हातात घेऊन खाली उभा राहिला आणि वर बघत राहिला. एवढी कष्टानं कोंडलेली ऊब, आणि आपल्याच हातानं आभाळाला द्यायची? त्यानं दांडा भिंतीला टेकवून ठेवला. उद्या उघडू म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. मग म्हणायचंही सोडलं.

आकडा उतरायला लागला. आधी कणाकणानं, मग चांगला ठळक. कंदिलाला त्याची चटक लागली. सकाळी आला की तो आधी बॉयलरच्या खोलीत जायचा, मीटरच्या काचेवरून अंगठा फिरवायचा, वाकून बघायचा. मनाशी वजाबाकी करायचा. मगच काचघराचं दार. पंपवाल्यानं हे पाहिलं.

"पूर्वी यायचास तो थोरलीकडे जायचास. आता आधी मीटरची भेट. म्हातारपणी नवं लफडं, कंदिला?"

"गप रे. एक-दोन टक्क्यांचा प्रश्न राहिलाय."

"बरं. पण नाकाला काही वास येतो का तुझ्या? ओल्या पोत्यासारखा?"

"बॉयलरचा असेल."

"बॉयलरला पोत्याचा वास?" पंपवाला म्हणाला आणि निघून गेला.

प्लास्टिकवर आतून थेंब धरले होते. ते जमायचे, जड व्हायचे, ओघळायचे, पानांवर पडायचे. नेच्यांच्या टोकांवर बुरशीची राखाडी लव दिसली. कंदिलानं ती पानं खुडून टाकली. दुसऱ्या दिवशी आणखी खुडली. खुडलेली पानं तो खताच्या खड्ड्यात टाकत नसे, कोटाच्या खिशात कोंबायचा आणि घरी जाताना वाटेत भिरकावायचा. कुणापासून लपवतो आहोत हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. थोडेच दिवस, तो म्हणायचा. आकडा झाला की सगळं उघडू. तोवर दम धर, थोरले. माणसं धरतात.

जेवताना मुलीनं एकदा विचारलं, "झडपा उघडता ना रोज? प्लास्टिक लावलंय म्हणून विचारते. कोंडेल."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. विचारते. उघडता ना?"

"हो," तो म्हणाला आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. बायकोनं त्याच्याकडे बघितलं. ती रोज दुपारी डबा घेऊन काचघरात जायची. दांडा भिंतीला टेकलेला तिनं पाहिला होता. पण नवऱ्याला मुलीपुढे खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं. ती म्हणाली, "वाढू का अजून?"

मग एका गुरुवारी मुलगी धावत आली. लहानपणी शाळेतून यायची तशी, एका हातानं ओढणी सावरत. काचघराच्या बाहेरूनच ओरडली, "बाबा! झालं! काठावर आहे, पण झालं! शेवटचा आकडा सोमवारी घेणार. सोमवारपर्यंत फक्त वेगळं काही करू नका."

तिनं घोंगडी बाजूला केली, रिकामा भाग ओलांडला, प्लास्टिकचा पडदा उचलला आणि नाकाला ओढणी लावली.

तो थोरलीच्या वाफ्यात गुडघे टेकून बसला होता. तिची एक फांदी त्याच्या मांडीवर पडलेली होती. त्यानं तोडली नव्हती. नुसता हात लावला आणि ती आली, उकडलेल्या बटाट्याचं साल यावं तशी. खोडाच्या मानेला काळपट पट्टा होता आणि त्यातून पाणी सुटत होतं. दगडांवरच्या बुटक्या झाडांची पानं एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. नेचे तपकिरी. सगळीकडे ती राखाडी लव, मऊ, जिवंत. त्या छपराखाली तेवढंच एक फोफावलेलं होतं.

"झडपा," मुलगी म्हणाली.

त्याची नजर भिंतीला टेकलेल्या दांड्याकडे गेली.

"बाबा, मी विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही हो म्हणालात."

"हो म्हणालो."

ती त्याच्याशेजारी खाली बसली. दोघांनी थोरलीकडे बघितलं. मुलीला रडू येईल असं त्याला वाटलं, आणि आलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. हिशेब करताना ती जशी डोळे बारीक करायची तशी बघत होती.

"नुसत्या झडपा उघडल्या तर?"

"बाहेर दव गोठलंय. कुजायचं थांबेल, कारण मरेल."

"मग?"

"सुकवायला पाहिजे. बॉयलर पूर्ण, आणि झडपाही पूर्ण. दोन्ही एकदम. गरम हवा आतून वाहून गेली पाहिजे. नुसती जाळायची आणि सोडून द्यायची." असं बोलताना त्याचा आवाज चोरी कबूल करणाऱ्या माणसासारखा झाला. "असं मी कधी केलं नाही."

"चार दिवस तसं चालवलं तर आकडा..."

"जाईल."

"मंगळवारी येऊन बंद करतील, बाबा. मीच सही करायची त्यावर."

"सोमवारपर्यंत थांबलो तर आकडा राहील," कंदील म्हणाला. "आकडा राहिला तर काचघर राहील. आत काही नसेल." मग, जणू दुसऱ्याच कुणाला समजावत असल्यासारखं: "आणि आत्ता उघडलं, तर काही मुळं वाचतील कदाचित. त्यांना काचघर नसेल."

मुलीच्याच विभागाच्या नियमाला तिच्या बापाची काटकसर येऊन मिळाली होती, आणि दोन्हींमध्ये वाईट हेतू औषधालाही नव्हता.

तो उठला. गुडघ्यांची माती झटकली नाही. बॉयलरच्या खोलीत जाऊन त्यानं चावी धरली. ती खालच्या खुणेवर इतकी वर्षं बसलेली होती की तिथेच गंजून घट्ट झाली होती. त्यानं दोन्ही हातांनी जोर लावला. हलेना. पाना आणला, तो चावीवर चढवला आणि सगळं वजन टाकलं. काहीतरी कण्हलं आणि चावी फिरली. बॉयलरच्या पोटात ज्योत भपकन मोठी झाली. मीटरच्या काचेआडची चाकं पळायला लागली. त्यानं तिकडे बघितलं नाही असं नाही. बघितलं. मग पाना खाली ठेवला आणि मीटरकडे पाठ केली.

परत आला तेव्हा मुलीनं प्लास्टिकचा पडदा ओढून खाली पाडला होता आणि लांब दांडा घेऊन ती झडपा उघडत होती. एकेक झडप उघडली की वरून थंड हवेचा लोट आत पडायचा आणि आतली वाफ पांढरी होऊन आभाळात जायची. पठारावरून बघणाऱ्याला वाटलं असतं, विद्यापीठाच्या कडेला काहीतरी पेटलंय.

ती वाफ बघून पंपवाला आला, दारात उभा राहिला, एकदा आत आणि एकदा वर बघितलं. त्याच्याकडे नेहमी काहीतरी बोलायला असायचं. आज त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि लवेनं भरलेल्या कुंड्या उचलून बाहेर न्यायला लागला.

दुपारी बायको डबा घेऊन आली. दोन पावलं आत आली आणि थबकली. तिनं शाल काढून हातावर घेतली.

"अहो," ती म्हणाली, "इथं उकडतंय."

कुणी हसलं नाही. तिनंही ते विनोदानं म्हटलं नव्हतं. तिनं डबा विटांवर ठेवला आणि थोरलीच्या वाफ्याकडे गेली. कंदिलानं खोड जमिनीलगत कापलं होतं आणि माती उकरून खालचा गड्डा मोकळा केला होता. मोठा गड्डा होता, लहान मुलाच्या डोक्याएवढा. त्याला वाटलं होतं वरचं गेलं तरी तो शाबूत असेल. तो सुरीनं वरून एक पातळ चकती कापायचा, उजेडात धरायचा, बाजूला टाकायचा. चकती तपकिरी. पुढचीही तपकिरी. दर वेळी तो सुरी पुसून घ्यायचा, रोग खाली जाऊ नये म्हणून.

"आणि समजा निघाला आत चांगला," बायको म्हणाली, "तर ठेवायचा कुठं? आपलं घर? आपल्या घरात तर खोबरेल तेलसुद्धा पातळ होत नाही, इतकं गार."

"आई," मुलगी म्हणाली.

"मी खरं तेच बोलते." आणि मग ती खाली बसली, कापून टाकलेल्या चकत्या ओंजळीत गोळा करायला लागली, आणि तिचा चेहरा वाकडातिकडा झाला. "माझ्यासमोर दांडा होता रोज. मी का नाही झडपा उघडल्या."

कंदिलानं तिच्याकडे बघितलं नाही. त्याचा हात चालू होता. गड्डा आता निम्मा झाला होता. पाइप तापून टकटक वाजत होते, वर झडपांतून ऊब निघून चालली होती, शेजारच्या खोलीत मीटर पळत होता. त्यानं आणखी एक चकती कापली आणि वर धरली. कडेला तपकिरी, मध्येही तपकिरी. पण एका बाजूला, नखाएवढ्या जागेत, रंग किंचित फिका होता. किंवा उजेड तसा पडला होता.

"बघ ग," तो म्हणाला आणि चकती मुलीपुढे धरली. "तुझे डोळे चांगले आहेत. पांढरं आहे का ते?"

तिनं चकती हातात घेतली. उजेडाकडे केली, फिरवली, पुन्हा फिरवली.

"कळत नाही, बाबा," ती म्हणाली. "अजून खाली कापा."

त्यानं सुरी पुसली आणि अजून खाली कापलं.